एक नंबरला गेलं नाही म्हणून गाणं पडलं होतं म्हणे

आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, मग तोच बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर आला, मग मुंबईच्या चाकरमान्यांच्या ग्रुपवर, आणि काल आमच्या टेम्पोवाल्याने स्टेटसला लावला तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. फॉरवर्ड लांबलचक आहे, पण म्हणणं थोडक्यात एवढंच: तुम्ही ज्यांना अजरामर इंग्रजी गाणी म्हणता त्यातली कितीतरी कधी चार्टवर, म्हणजे आठवड्याला कुठलं गाणं किती चाललं त्या क्रमवारीत, एक नंबरला गेलीच नाहीत, म्हणजे त्या वेळच्या पब्लिकने ती नाकारली होती. चार्ट म्हणजे आकडे आणि आकडे खोटं बोलत नाहीत. नंतर पिक्चरवाल्यांनी आणि कंपन्यांनी ही गाणी आपल्या माथी मारली. आणि शेवटी शेपूट, की आपल्या रेडिओवरच्या बिनाका गीतमालेचंही तसंच, जे पहिल्या पायदानावर गेलं तेच खरं गाणं.

मी हर्णैच्या बाजूला एका बेंजो पार्टीत किबोर्ड वाजवतो. लग्न, हळद, गणपती, शिमगा, मिळेल ती सुपारी. इंग्रजी गाण्यांचा नाद दापोलीला कॉलेजात असताना लागला, रूमवर एकाकडे कॅसेटींची पेटी होती, तेव्हापासून कुठलं गाणं कितव्या नंबरला गेलं ते वाचत बसायची खोड. त्यामुळे फॉरवर्डमधलं पहिलं वाक्य खरं आहे हे मला माहितेय. त्याच्यावरून पुढे जे काढलंय ते सगळं गंडलंय.

आधी ते 'नाकारली' घ्या. दोन नंबरला गेलेलं गाणं नाकारलेलं कसं काय असेल बाबा? अख्ख्या देशात त्या आठवड्याला त्याच्यापुढे एकच गाणं आहे. आणि ते एक कुठलं असेल हे निव्वळ नशीब. १९८१ साली इंग्लंडमध्ये अल्ट्राव्हॉक्स बँडचं 'व्हिएन्ना' चार आठवडे दोन नंबरला अडकलं. संथ, सिंथेसायझरवर उभं केलेलं गाणं, मध्ये पियानो आणि व्हायोला असा काही चढत जातो की मी किबोर्डवर ते बसवायचा किती वेळा प्रयत्न केलाय, जमत नाही. पहिल्या आठवड्यात पुढे बीटल्सवाल्या जॉन लेननचं गाणं होतं, लेननचा खून होऊन दोनच महिने झालेले, लोक त्याच्या रेकॉर्डी घेत होते, ते एक वेळ समजू शकतो. पण पुढचे तीन आठवडे वर कोण बसलेलं? जो डोल्सेचं 'शडाप यू फेस'! इटालियन हेल काढून म्हटलेलं थट्टेचं गाणं. थट्टेच्या गाण्यावर माझा राग नाही, हळदीत आम्ही पण तेच वाजवतो, पण त्या तीन आठवड्यांवरून 'व्हिएन्ना' लोकांना आवडलं नव्हतं असं कोण म्हणेल? २०१३ साल उजाडता उजाडता बीबीसी रेडिओ टूच्या श्रोत्यांनी मत देऊन दोन नंबरला थांबलेल्या गाण्यांमधलं आपलं सगळ्यात लाडकं गाणं निवडलं, ते हेच.

आता १९८४ चा डिसेंबर. जॉर्ज मायकलच्या व्हॅम या जोडीचं 'लास्ट ख्रिसमस' दोन नंबरला थांबलं, कारण पुढे होतं बँड एडचं 'डू दे नो इट्स ख्रिसमस', इथिओपियाच्या दुष्काळासाठी सगळ्या मोठ्या गायकांनी मिळून केलेलं. गंमत बघा, त्या सगळ्यांत जॉर्ज मायकल पण आहे. म्हणजे पठ्ठ्या एक नंबरला पण तोच आणि दोन नंबरला पण तोच. व्हॅमने आपल्या गाण्याचे पैसेही त्याच दुष्काळाला दिले. दहा लाखांच्या वर कॉप्या खपल्या त्या गाण्याच्या, दोन नंबरवर राहून. मग दरवर्षी डिसेंबर आला की ते वाजतंय, वाजतंय, आणि शेवटी एक नंबरला गेलं कधी, तर २०२१ च्या १ जानेवारीला, ३६ वर्षांनी, तोवर जॉर्ज मायकल जाऊनही चार वर्षं झालेली, तो गेला तोही ख्रिसमसच्याच दिवशी. आता फॉरवर्ड लिहिणाऱ्याने मला सांगावं, हे गाणं ३१ डिसेंबरपर्यंत नाकारलेलं होतं आणि रात्रीत खरं झालं का? एक मात्रा बदललेली नाही त्यात.

अमेरिकेत फॉरेनर बँडचं 'वेटिंग फॉर अ गर्ल लाइक यू' सलग दहा आठवडे दोन नंबरला होतं, १९८१-८२ मध्ये. आणि क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडची तर पाच गाणी दोन नंबरपर्यंत गेली, 'प्राउड मेरी' त्यातलंच, आणि एक नंबर एकदाही नाही. पाच वेळा नाकारलेला बँड म्हणायचं का याला?

हर्णै बंदरात लिलाव बघितलाय का कुणी? होड्या किनाऱ्यापर्यंत येत नाहीत, बैलगाडीतून म्हावरं बाहेर येतं, वाळूवर वाटे पडतात आणि भाव फुटतो. पापलेट कितीला गेलं हे त्या दिवशी पापलेट किती आलं आणि घेणारे किती उभे होते त्यावर. उद्या परत वेगळं. आणि बांगडा? बांगडा त्या लिलावात सगळ्यात वरच्या भावाला जाताना मी जन्मात बघितला नाही, पण चूल कुठल्या घरात बांगड्याशिवाय पेटते ते दाखवा.

दुसरं, 'आकडे खोटं बोलत नाहीत'. नसतील बोलत, पण आकडे मोजतो कोण आणि कशाचे, ते विचारायचं की नाही? इंग्लंडचा पहिला चार्ट १४ नोव्हेंबर १९५२ चा, न्यू म्युझिकल एक्सप्रेस नावाच्या पेपरचा. त्यांच्या माणसाने वीसेक दुकानांना फोन लावले, काय खपतंय विचारलं आणि यादी केली. झाला देशाचा चार्ट. अमेरिकेचा हॉट हंड्रेड १९५८ साली चालू झाला, त्यातही विक्रीचा हिशोब म्हणजे दुकानदार फोनवर क्रम सांगणार, हे जास्त चाललं, हे त्याच्या खालोखाल. बारकोडवरून खरी विक्री मोजायला हॉट हंड्रेडमध्ये १९९१ चा नोव्हेंबर उजाडला. म्हणजे तेहतीस वर्षं दुकानदाराच्या शब्दावर. आमच्या पार्टीत सहा पोरांना विचारा आपलं कुठलं गाणं जास्त चालतं, ऑक्टोपॅडवाला ज्यात ऑक्टोपॅड घुमतो तेच सांगणार, आणि तो खोटारडा आहे असं नाही हां, त्याला खरंच तसं वाटतं.

बरं मोजमाप सुधारलं तरी नियम राहिलेच. नो डाउट बँडचं 'डोन्ट स्पीक' आठवतंय? १९९६-९७ मध्ये आपल्या केबलवर पण सारखं लागायचं. अमेरिकेत रेडिओवर काय वाजतंय याचा वेगळा चार्ट असायचा, त्यात हे गाणं १६ आठवडे पहिलं. सोळा! आणि हॉट हंड्रेडमध्ये कितवं? कितवंच नाही, शंभरात नावच नाही. कारण तेव्हा नियम असा होता की गाण्याची वेगळी सिंगल, म्हणजे त्या एका गाण्याची रेकॉर्ड, दुकानात विकायला असली तरच त्याला चार्टमध्ये घ्यायचं, आणि कंपन्या सिंगल काढायच्याच नाहीत, एका गाण्यासाठी लोकांनी अख्खा अल्बम घ्यावा म्हणून. डिसेंबर १९९८ मध्ये नियम बदलला, तोवर या गाण्याचा जोर सरून गेलेला. त्या काळचा हॉट हंड्रेड काढून बघणाऱ्याला वाटेल असं गाणं झालंच नाही.

आणि हे जुनंच आहे असं समजू नका. आता ऑनलाइन ऐकणं मोजतात ना, तर इंग्लंडच्या चार्टमध्ये जुन्या गाण्याचं ऐकणं नव्यापेक्षा निम्मं धरतात, नाहीतर तीच तीच गाणी वर बसून राहतील म्हणून. गायिका केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल' १९८५ ला तीन नंबरपर्यंत गेलेलं. २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' सिरीजमध्ये वाजलं आणि पोरासोरांनी डोक्यावर घेतलं, तेव्हा चार्टवाल्यांनी त्याच्यापुरता तो निम्म्याचा नियम उठवला आणि मग ते एक नंबरला गेलं. नियम चुकीचा होता असं नाही माझं म्हणणं, सूट पण बरोबरच दिली. पण माणसं टेबलावर बसून ठरवतात हे सगळं, आभाळातून पडत नाही.

यावर फॉरवर्डवाला म्हणणार, बघा, सिरीजमुळेच गेलं ना वर, म्हणजे माथी मारलं. हा त्याचा तिसरा मुद्दा, आणि इथे मी अर्धा मान्य करतो. पिक्चरने, सिरीजने गाणं उचललं जातं, शंभर टक्के. क्वीन बँडचं 'बोहेमियन रॅप्सडी' घ्या. ते गाणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, पारशी पोरगा, मूळ नाव फारोख बलसारा, पहिला बँड शाळेतल्या मित्रांबरोबर तिथेच काढलेला. आम्ही महाबळेश्वरला सुपारी असली की पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर चढतो, तिथून पाचगणी किती लांब, पण आमच्या पोरांना ते सांगितलं तर म्हणतात, असूदे रे, आधी चहा कुठे मिळेल बघ. तर ते गाणं इंग्लंडमध्ये १९७५-७६ ला नऊ आठवडे एक नंबर, आणि अमेरिकेत १९७६ ला नऊ नंबरवर येऊन थांबलं. तेच गाणं, तीच रेकॉर्ड. मग काय अटलांटिकच्या अलीकडे खरं आणि पलीकडे खोटं? पुढे १९९२ ला 'वेन्स वर्ल्ड' पिक्चरमध्ये पोरं गाडीत बसून त्याच्यावर माना हलवतात तो सीन गाजला आणि गाणं अमेरिकेत परत चढलं, दोन नंबरपर्यंत. तेव्हा वर क्रिस क्रॉस होते, 'जंप' घेऊन, चड्ड्या उलट्या घालणारी दोन पोरं. म्हणजे फ्रेडी गेल्यावर, पिक्चर आल्यावर, एवढं सगळं होऊन अमेरिकेत एक नंबर नाहीच.

पण माथी मारणं म्हणाल तर पिक्चरमध्ये दरवर्षी शेकड्याने जुनी गाणी वापरतात. सगळी कुठे चढतात? आम्ही पण कितीदा नवीन गाणं मेहनतीने बसवतो, दोन सुपाऱ्यांना पहिलं वाजवतो, पब्लिक बसूनच. मारून बसत नाही हो माथी.

आता बिनाका. इथे मला जरा लागलं, कारण आमच्या घरी आजोबांच्या रेडिओवर ती परंपरा होती. पहिली गंमत म्हणजे आपल्या देशाचा सगळ्यात गाजलेला चार्ट आपल्या देशातून वाजतच नव्हता, रेडिओ सिलोनवरून यायचा, १९५२ च्या डिसेंबरपासून, कारण आकाशवाणीवर तेव्हाचे मंत्री केसकर यांना फिल्मी गाणी नको होती. अमीन सायानींचा आवाज कोकणात रात्री खरखरीतून यायचा आणि बाबा सांगतात की पहिलं पायदान येईपर्यंत कुणी जेवायला उठायचं नाही. क्रम लागायचा रेकॉर्डींच्या विक्रीवर आणि श्रोता संघांच्या पत्रांवर. म्हणजे ज्याच्याकडे फोनो घ्यायला पैसे आणि ज्याच्या गावात संघ, त्याचं मत. आमच्या वाडीत तेव्हा वीज पण नव्हती.

१९६४ च्या वार्षिक गीतमालेत पहिलं कोण? 'संगम'मधलं 'बोल राधा बोल'. उत्तम गाणं, मी वाजवतो. पण त्याच साली 'वह कौन थी' आला, मदनमोहनचं 'लग जा गले' त्यातलं. आता तुम्हीच सांगा, आज कुठल्याही कराओकेला, कुठल्याही गॅदरिंगला, विशीतली पोरगी उभी राहिली आणि जुनं गाणं म्हणते म्हणाली तर कुठलं म्हणते? राधा नाही म्हणत. आणि एक मुकेशचं, दुसरं लताबाईंचं, दोन्ही आवाज मोठेच, त्यामुळे आवाजाचा वाद नको.

बिनाका होती हिंदी फिल्मी गाण्यांची. त्यात आमची गाणी शिरायचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे फर्माईशीची वही आहे, पावसाळ्यात फुगून डबल झालेली, त्यात हळदीच्या चिठ्ठ्या चिकटवून ठेवलेल्या. हळदीच्या घरातून चिठ्ठी येते ना ती कधी कोरी येत नाही, पिवळ्या बोटांचे ठसे असतात, कधी वर दहाची नोट गुंडाळलेली. त्या चिठ्ठ्यांवर सगळ्यात जास्त वेळा काय आहे ते मला वही न उघडता सांगता येतं, 'मी डोलकर'. शब्द शांता शेळक्यांचे, म्हणजे इंदापूरला जन्मलेल्या बाईचे, चाल हृदयनाथांची, लताबाईंबरोबर गायलाय हेमंतकुमार, तो बंगाली. आणि कोळीवाड्यातली म्हातारी ते लागलं की पदर खोचून उठते, दहाला माईक बंद करायचा असतो म्हणून पावणेदहाला दुसऱ्यांदा तीच चिठ्ठी येते, कधी कधी त्याच हाताची. याला कुठलं पायदान देणार?

फॉरवर्डमध्ये खाली व्ह्यूजबद्दल पण दोन ओळी आहेत, ज्याला जास्त व्ह्यूज ते मोठं गाणं वगैरे. तोच मुद्दा, कपडे बदललेले, वरचंच उत्तर लावून घ्या. मला आता वेळ नाही, सहाला टेम्पो येतोय, आंजर्ल्याला हळद आहे आणि खाऱ्या हवेने बुलबुल तरंगच्या, म्हणजे आमच्या बेंजोच्या, दोन तारा परत गंजल्यात त्या बदलायच्यात.