तुला तरी कुठे मत आहे?

2024 च्या भाऊबीजेच्या सकाळी सांगलीच्या मावसभावाने घरच्या ग्रुपवर अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा पोल, म्हणजे मतदारांची पाहणी टाकली: नावाजलेल्या पोलवाल्या ॲन सेल्झर यांचा आयोवा राज्यातला पोल. हॅरिस 47, ट्रम्प 44. खाली त्याचा निकाल: 'हवा फिरली. कमला येतेय.' बुधवारी ट्रम्प आल्यावर तोच म्हणतो, 'पोलवाले सगळे विकले गेलेत. बंदीच घातली पाहिजे.'

पोल चुकला याचं मला काही नाही. ट्रम्पने आयोवा 13 टक्क्यांच्या फरकाने घेतलं. बाईंचा लौकिक मोठा, म्हणून हुकलेलंही मोठं दिसलं. पण एका राज्यातल्या 808 जणांच्या उत्तरांवरून अख्ख्या देशाची हवा ओळखायची, ही हौस खास आपली. पारावर बसून तालुक्याचा निकाल सांगणारी माणसं आता पेनसिल्व्हेनियाचा सांगतात, आणि पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्याला सांगतात!

ऑक्टोबरभर आमच्याकडे पेनसिल्व्हेनियात काय चाललं होतं ते मला विचारा. रूट 202 वर दोन्ही बाजूंच्या पाट्या, टीव्हीवर दर ब्रेकला त्याच जाहिराती, आणि सगळ्या पोलची सरासरी अर्ध्या टक्क्याने हलली की रात्री पॅनेलवर 'मोमेंटम', म्हणजे आपली हवाच. हजार माणसांच्या पोलमध्ये प्रत्येक उमेदवाराचा आकडा तीनेक टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणजे दोघांतलं अंतर जवळजवळ सहाने. काल एकने पुढे, आज दोनने मागे, यात घडलं काहीच नाही. खरोखरच हवा वाहत असती आणि ती कुठे जातेय हे सगळ्यांना दिसत असतं, तर शुक्रवारचा पोल सोमवारी सांगता आला असता. तसा कुणाला येत नाही.

दुसरं म्हणजे फोन उचलतं कोण? शंभर फोन केले तर एखाद-दुसरा माणूस बोलतो. 2012 साली डेन्व्हरच्या पहिल्या डिबेटमध्ये ओबामा ढेपाळले आणि पोलमध्ये त्यांचे प्रतिस्पर्धी रॉम्नी वर चढले. मग शेवटपर्यंत रॉम्नींच्याच मोमेंटमची चर्चा, आणि जिंकले ओबामा, जवळपास चार टक्क्यांनी. त्या काळात संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्सबॉक्सवर व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांची मतं रोज गोळा केली होती. त्यात दिसलं ते असं: मतं बदललेली माणसं थोडीच होती. हिरमुसलेल्या ओबामावाल्यांनी उत्तरं देणं कमी केलं होतं, एवढंच. आपला माणूस हरताना दिसला की लोक गप्प बसतात, आणि पोलवाले त्यालाच हवा म्हणतात.

2024 च्या शेवटच्या आठवड्यांत तर उलटाच प्रकार. अटीतटीच्या राज्यांतले पोल एकामागून एक बरोबरीचे. निवडणुकांचे अंदाज मांडणाऱ्या नेट सिल्व्हरने तेव्हाच लिहिलं होतं की योगायोगाने इतकं एकमत होऊच शकत नाही. कुणीतरी वेगळे आलेले आकडे दाबतंय किंवा घासून-पुसून मधे आणतंय. सेल्झरबाईंनी जे हातात आलं ते छापलं. विकल्या गेलेल्या माणसाला इतकं एकटं पडायची गरज नसते. भावाला नेमकी तीच बाई विकलेली वाटली.

आणि सरासरी? ती पेनसिल्व्हेनियात बरोबरी सांगत होती, ट्रम्प दोन टक्क्यांच्या आतच जिंकले. याला मी चुकणं म्हणत नाही. चुकणं म्हणजे त्याच वर्षी 1 जूनच्या संध्याकाळी आपल्याकडे लोकसभेच्या एक्झिट पोलचं झालं ते: एनडीएला साडेतीनशेच्या पुढे, कुणी चारशे, आणि प्रत्यक्षात 293. ॲक्सिस माय इंडियाचे प्रदीप गुप्ता टीव्हीवर रडले. इथे अमेरिकेत पोलवाले रडत नाहीत, पद्धत आणि तक्ते छापतात. (2016, 2020 आणि 2024, तिन्ही वेळा पोलनी ट्रम्पला कमीच लेखलं, हे मी ग्रुपवर काढत नाही.)

हे सगळं मी सविस्तर लिहून पाठवलं. भावाचं एका ओळीत उत्तर: 'तुला तरी कुठे मत आहे तिथे?'

नाही. ग्रीन कार्डवर टॅक्स भरता येतो, मत देता येत नाही. ऑक्टोबरात दारावर प्रचाराची पोरं आली, मतदार नाही म्हटल्यावर हसून शेजारच्या दाराकडे वळली. पोलवाल्यांचाही एकदा फोन आला. सगळी उत्तरं तयार होती माझ्याकडे, पण मतदार म्हणून नोंदणी आहे का, इथेच गळलो. रात्री एकला सरासरी रिफ्रेश करत बसणं हाच माझा या निवडणुकीतला सहभाग. मला वाटतं, मत असतं तर मी इतके पोल वाचलेही नसते.

सांगलीत मात्र भारतीय पासपोर्टवर मतदार यादीत नाव लावता येतं. अट एवढीच की मतदानाला स्वतः केंद्रावर उभं राहायचं. विमानाचं भाडं, रजा, मुलांची शाळा. ही कारणं खरी आहेत आणि दर वेळी पुरतात.

भाऊ सप्टेंबरपासून 'महाराष्ट्रात हवा आघाडीचीच' म्हणत होता. आधार काय, तर लोकसभेच्या 48 पैकी 30. जूनचा आकडा त्याने नोव्हेंबरपर्यंत वापरला, आणि 23 तारखेला विधानसभेच्या 288 पैकी 230 जागा महायुतीला. बहुतेक एक्झिट पोलनी महायुतीला पुढे दाखवलं होतं, पण एवढं नाही.

20 तारखेला त्याने शाई लावलेल्या बोटाचा फोटो टाकला होता. त्याखाली मी नमुना किती जणांचा, निवडला कसा, हे आपले एक्झिट पोल धड का सांगत नाहीत यावर तीन परिच्छेद लिहिले. त्याने अंगठा पाठवला.