मागचा पिस्टन जोर लावून आत जात नाही

‘मागचे ब्रेक पॅड बदलताना पिस्टन आत जात नसेल तर मोठा सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा) लावून आवळत राहा. थोडं गंज सोडवायचं तेल मारा, ब्लीडर निपल (कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा स्क्रू) उघडा. तरीही हलला नाही तर कॅलिपर गेला, नवा घ्या.’ हा सल्ला सगळीकडे फिरतो आहे आणि त्यापायी चांगले कॅलिपर, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारे भाग, मोडतात. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासू.

आधी सी-क्लॅम्प. पुढच्या चाकांना तो चालतो, कारण तिथल्या पिस्टनमागे फक्त ब्रेक ऑइल असतं. पण मागच्या डिस्क ब्रेकमध्ये हँडब्रेकची केबल थेट कॅलिपरवरच्या लिव्हरला जोडलेली असेल, तर पिस्टनच्या आत स्क्रू आणि नट बसवलेले असतात. पॅड झिजत जातात तशी ही जोडी आपोआप लांबते, म्हणून हँडब्रेक ढिला पडत नाही. मागे येताना मात्र ती आपोआप येत नाही, पिस्टन फिरवावाच लागतो. नुसतं दाबलं की सगळा जोर त्या आट्यांवर येतो. आवळत राहिलात तर आतली यंत्रणा मोडते आणि दोष जुन्या कॅलिपरच्या माथी जातो.

ओळखणं सोपं आहे. पिस्टनच्या तोंडावर खाचा किंवा भोकं दिसली तर तो बहुधा फिरवायचा. त्या खाचांत बसणारं टूल घ्या आणि हलका दाब ठेवून फिरवा. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या दिशेने, पण काहींत उलटे आटे असतात आणि काहींत तर डाव्या-उजव्या बाजूची दिशा वेगळी असते. त्यामुळे आधी गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल बघा. पिस्टन नुसताच गरगर फिरतोय, आत सरकत नाही, तर दाब कमी पडतोय किंवा दिशा चुकली आहे. फिरवताना डस्ट बूट (पिस्टनभोवतीचं रबरी आवरण) पिळला जात नाही ना, याकडे लक्ष ठेवा. पॅडच्या पाठीवर खुंटी असेल तर शेवटी पिस्टनची खाच तिच्यासमोर आणा, नाहीतर पॅड तिरका बसतो.

हँडब्रेकसाठी डिस्कच्या आत वेगळा ड्रम असेल तर पिस्टन साधाच असतो, तिथे क्लॅम्प बिनधास्त वापरा. कॅलिपरवर मोटर असलेल्या इलेक्ट्रिक हँडब्रेकला आधी सर्व्हिस मोडमध्ये नेऊन मोटर मागे घ्यावी लागते. ती न घेता दाबलं तर महागडा भाग मोडतो.

तेलाचा सल्ला तर साफ चुकीचा. खनिज तेलाने ब्रेकचे रबरी सील फुगतात आणि पॅडला लागलं तर ते पॅड टाकूनच द्यावे लागतात. ब्रेक क्लीनरने पुसा, रबराला चालणारं ब्रेक ग्रीस लावा.

निपलचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि मला त्यातलाच भाग सगळ्यात उपयोगी वाटतो. निपलला नळी लावून ती बाटलीत सोडा आणि निपल उघडा. आता तोच पिस्टन सहज गेला, तर बिघाड बहुधा पिस्टनमध्ये नाही. ब्रेकचा रबरी होज (कॅलिपरला ब्रेक ऑइल पोचवणारी नळी) आतून बंद झालेला असू शकतो, बाहेरून तो धडधाकट दिसला तरी. कारण न शोधता निपल उघडून काम उरकलंत तर नव्या पॅडनाही तोच त्रास होईल. दाब सोडण्याआधी निपल बंद करा, नाहीतर हवा आत ओढली जाते.

उरला ‘कॅलिपर गेला’ हा निकाल. तो देण्याआधी चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक पूर्ण सोडला आहे का, ते बघा. कॅलिपरवरचा लिव्हर त्याच्या मूळ जागी टेकलाय का? केबल गंजून अडकली असेल तर लिव्हर अर्धवट ओढलेलाच राहतो आणि पिस्टन मागे येत नाही. केबल काढून पुन्हा प्रयत्न करा. ब्रेक ऑइलची टाकी काठोकाठ भरलेली असेल तर थोडं काढून घ्या, सांडलं तर ते रंग खातं. एवढं करूनही पिस्टन हलला नाही, किंवा फाटलेल्या बूटखाली त्यावर गंजाचे खड्डे दिसले, तर कॅलिपर बदला, तडजोड नको.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा, मग हँडब्रेक काही वेळा ओढून सोडा. गाडी जॅक स्टँडवर असतानाच दोन्ही मागची चाकं हाताने फिरवून बघा. एक जड लागलं तर त्या बाजूची केबल आणि होज पुन्हा तपासा.