एक छप्पर, दोन चुली

लहान गावात लग्न झालेली मुलंही आईवडिलांपाशी राहतात आणि मुंबईत मात्र ज्याचा त्याचा वेगळा संसार, असं एकत्र कुटुंबावरच्या एका लेखात म्हटलंय. मला नाही पटलं. वरळीच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांच्या खोलीत आम्ही सातजण होतो. काकाचं लग्न झाल्यावर बाबा आणि आजोबा रात्री बाहेर पॅसेजमध्ये पथारी टाकायचे. वेगळं व्हायची हौस सगळ्यांनाच होती हो, दुसरी जागा घ्यायची ऐपत नव्हती. शेवटी काका विरारला गेला.

उलट चिपळूणला मामांचं घर ऐसपैस, मागे परडं, तरी दोघे भाऊ वेगळे. छप्पर एक, चुली दोन, रेशनकार्डंही दोन. गणपती तेवढा एकच, खर्च निम्मा-निम्मा. जनगणनेत कुटुंब धरतात ते सामाईक स्वयंपाकघरावरून. म्हणजे कागदावर मामांच्या घरात दोन कुटुंबं आणि आमच्या खोलीत एकच! एकत्र कोणाला म्हणायचं मग?

आजी महिना या चुलीवर, महिना त्या. महिना 31 चा असला की त्या एका दिवसावरून मामींची कुजबुज चालते, तीही आजीला ऐकू जाईल अशी. म्हाताऱ्यांच्या या पाळीबद्दल लेखात अवाक्षर नाही, ते खटकलं.

बाकी आमच्या चाळीचा पुनर्विकास चाललाय, 160 च्या बदल्यात 500 चौरस फूट. खोली आजोबांच्या नावावर होती. विरारहून काकाचा फोन हल्ली वरचेवर येतो.