६००० बिटरेट सगळीकडे चालत नाही

गेम लाइव्ह स्ट्रीम करण्यावरच्या तुमच्या लेखात ओबीएस या स्ट्रीमिंग सॉफ्टवेअरसाठी सरसकट १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेम आणि ६००० बिटरेट (दर सेकंदाला पाठवायचा डेटा, केबीपीएसमध्ये) सुचवलाय. बेळगावात घरी फायबर असेल तर ठीक. आमच्या खानापूर तालुक्यात पाऊस लागला की संध्याकाळी अपलोड ५ एमबीपीएसच्या (म्हणजे ५००० केबीपीएसच्या) आसपास येतं, तिथे ६००० जाणार कुठून?

माझा भाचा कॅप्चर कार्ड (मोबाइलचं चित्र कॉम्प्युटरवर घेणारं उपकरण) लावून बीजीएमआय हा मोबाइल गेम स्ट्रीम करतो, मराठी कॉमेंट्रीसह. त्याला ७२०पी, ३५०० सीबीआर (कायम एकसारखा बिटरेट), कीफ्रेम (पूर्ण चित्राची फ्रेम) दर २ सेकंदांनी असं लावून दिलंय. पिक्सेल १०८०पीच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे तेवढ्यात चित्र नीट राहतं. हाच बिटरेट १०८०पीला दिला की गवतातून पालथं सरकताना सगळ्या पडद्याचा हिरवा चिखल होतो, समोरचा खेळाडू दिसतसुद्धा नाही.

लेखात राहिलेली मोठी गोष्ट म्हणजे ओबीएसचा स्टॅट्स डॉक, म्हणजे स्ट्रीमचे आकडे दाखवणारी चौकट. तिथे नेटवर्कमुळे ड्रॉप झालेल्या फ्रेम वाढत असतील तर बिटरेट उतरवा. पण एन्कोडिंग लॅगमुळे (कॉम्प्युटर व्हिडिओ वेळेत एन्कोड करू न शकल्यामुळे) फ्रेम सुटत असतील तर बिटरेट कमी करून काडीचा फरक पडत नाही. तिथे एन्कोडरचा प्रीसेट (कॉम्प्युटरने किती मेहनत घ्यायची ती सेटिंग) हलका करा, नाहीतर एनव्हिडियाचं कार्ड असल्यास एनव्हेंक, म्हणजे त्या कार्डातलाच एन्कोडर, निवडा. नवी पोरं नेमकी इथेच अडकतात, नेटवाल्याशी उगीच भांडत बसतात.

शिवाय ट्विच या स्ट्रीमिंग साइटवर लहान चॅनेलला कमी क्वालिटीचे पर्याय मिळतीलच असं नाही. मग जांबोटी-कणकुंबीकडे मोबाइल नेटवर बघणाऱ्याला तुमचा पूर्ण बिटरेट ओढावा लागतो. यूट्यूब ते पर्याय स्वतः तयार करतं. एवढं लेखात घाला, ही विनंती.