बुडबुडे थांबले म्हणजे सगळं हेलियम अतिप्रवाही झालं का?

तुमचा आक्षेप असा: उकळतं द्रव हेलियम गार करताना २.१७ केल्विनला बुडबुडे क्षणात थांबतात, म्हणजे सगळं हेलियम एकदम अतिप्रवाही (जराही रोधाविना वाहणारं) होतं; मग लेखात ‘अतिप्रवाही वाटा शून्यापासून वाढत जातो’ असं का लिहिलं? तुम्ही पाहिलंत ते खरं, आणि लेखातलं विधानही बरोबर. बुडबुडे श्यानतेबद्दल (वाहताना द्रवात होणाऱ्या रोधाबद्दल) काही सांगत नाहीत, ते उष्णतावहनाबद्दल सांगतात.

बुडबुडा उठायला द्रवात एखादी जागा पृष्ठभागापेक्षा जास्त तापावी लागते. २.१७ केल्विनच्या या तापमानाला लॅम्डा बिंदू म्हणतात. त्याखाली द्रव जणू दोन घटकांचा असतो: श्यानता असलेला सामान्य आणि श्यानता नसलेला अतिप्रवाही. सामान्य घटक उष्णता घेऊन तापलेल्या जागेतून निघतो आणि अतिप्रवाही घटक उलट दिशेने येऊन त्याची जागा घेतो. त्यामुळे उष्णता साचतच नाही. वाफ होते ती फक्त पृष्ठभागावर. यासाठी अतिप्रवाही वाटा मोठा लागत नाही. लॅम्डा बिंदूच्या, म्हणजे नेमक्या २.१७६८ केल्विनच्या, १ मिलिकेल्विन खाली तो जेमतेम दीड टक्का असतो, १० मिलिकेल्विन खाली साडेसहा टक्के, २ केल्विनला ४५ टक्क्यांच्या आसपास. १ केल्विनला मात्र सामान्य घटक एक टक्काही उरत नाही.

‘द्रवात फिरत्या चकतीला श्यानता जाणवते, मग अतिप्रवाही हेलियमची श्यानता शून्य कशी?’ हा तुमचा प्रश्न मोलाचा आहे. चकती सामान्य घटकाला ओढते, म्हणून रोध जाणवतो. १९३८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ कापित्झा यांनी अरुंद फटीतून, तर ॲलन आणि मायझनर यांनी केशनलिकांतून (अतिबारीक नळ्यांतून) प्रवाह मोजला. तिथे सामान्य घटक अडकतो, अतिप्रवाही निसटतो. १९४६ मध्ये आंद्रोनिकाश्विली यांनी चकत्यांची चळत झुलवून, किती द्रव तिच्याबरोबर ओढला जातो, म्हणजे सामान्य घटक किती, हेच मोजलं.

स्वतः मोजणार असाल तर एक जपा. ४.२ केल्विनवरून वाफ पंपाने ओढत लॅम्डा बिंदूच्या ३८ टॉर (दाबाचं एकक) दाबापर्यंत येताना तिसऱ्या हिश्श्याहून जास्त द्रव उडून जातो, तेवढा आधीच भरून घ्या. खाली येताना वरचा गार, जड द्रव बुडून मिसळतो. बिंदू ओलांडून परत वर जाताना मात्र फसगत होते: दाब वाढला की वरचाच थर तापतो, तळ मागे राहतो आणि दाबमापक फक्त पृष्ठभागाचं तापमान सांगतो. तळाशी वेगळा तापमापक हवाच.

शिवाय द्रवाच्या स्वतःच्या वजनाने दर सेंटिमीटर खोलीला लॅम्डा बिंदू १.२७ मायक्रोकेल्विनने घसरतो. १० सेंटिमीटरच्या स्तंभात वरचा भाग आधी बदलतो, तळ सुमारे १३ मायक्रोकेल्विन नंतर. वजनाचा हा परिणाम टाळून बिंदूच्या अगदी जवळ, नॅनोकेल्विनपर्यंत, जाता यावं म्हणूनच भौतिकशास्त्रज्ञ लायपा यांच्या गटाचा प्रयोग १९९२ मध्ये कोलंबिया अंतराळयानातून कक्षेत नेला गेला.