‘स्लीप टाका, डूइव्हेंट्स मारा’ हा सल्ला काट्यावर चालत नाही

जळगाव-धुळे भागात सॉफ्टवेअर शिकणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो: “पोर्टवरून डेटा यायची वाट बघताना स्क्रीन हँग होते, कारण पीसी जुना असतो. लूपमध्ये थोडा थोडा स्लीप टाका, मध्ये डूइव्हेंट्स मारा. तरी अडलं तर सगळं थ्रेडमध्ये टाकून मोकळे व्हा.” यातली एकच गोष्ट अर्धी खरी आहे, आणि ती शेवटची. (लूप म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा कोड, स्लीप म्हणजे त्याला ठरावीक वेळ झोपवणं, डूइव्हेंट्स म्हणजे मध्येच थांबून तुंबलेल्या क्लिका वगैरे उरकून घेणं, आणि थ्रेड म्हणजे प्रोग्राममधली स्वतंत्रपणे चालणारी कामाची एक धार.)

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ, जिनिंगच्या वजनकाट्याचं. कापसाच्या हंगामात फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग असते. गाडी काट्यावर चढली की इंडिकेटर (वजन दाखवणारा डबा) सिरीयल पोर्टवरून, म्हणजे पीसीला जोडलेल्या तारेवरून, वजनाचे आकडे पाठवत राहतो, आणि आकडा स्थिर होईपर्यंत प्रोग्रामला थांबावं लागतं. प्रश्न थांबण्याचा नाही, कुठे थांबायचं याचा आहे.

पीसी जुना असण्याचा इथे संबंधच नाही. माऊसची क्लिक, कीबोर्ड, प्रोग्रामची खिडकी पुन्हा रंगवणं, हे सगळं विंडोज त्या खिडकीच्या थ्रेडच्या रांगेत टाकतं. तो थ्रेड बटणाच्या कोडमध्ये अडकून बसला की रांगेतलं कोणी उचलत नाही. पाच सेकंद असं झालं की विंडोज शीर्षकात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहून मोकळं होतं. तेव्हा प्रोसेसर बहुधा रिकामाच असतो. रॅम दुप्पट करा, काही फरक पडणार नाही.

स्लीपचे तुकडे केल्यानेही काही साधत नाही. शंभर मिलिसेकंदांचे शंभर स्लीप म्हणजे दहा सेकंद, आणि मध्ये रांग उपसली नाही तर खिडकी तेवढीच मेलेली. शिवाय स्लीप मोजून वेळ धरणं फसवं असतं. विंडोजच्या घड्याळाचा नेहमीचा टिक (ठोका) साधारण 15.6 मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे एक मिलिसेकंदाचा स्लीप बरेचदा त्याहून कितीतरी लांबतो.

डूइव्हेंट्स मात्र खरोखर घातक आहे, कारण वरवर तो चालतो. खिडकी हलते, बटणं दबतात. नेमकं तिथेच बिनसतं. ऑपरेटरने ‘वजन घ्या’ दाबलं, आकडा स्थिर व्हायला वेळ लागतोय, मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवतोय, म्हणून त्याने पुन्हा दाबलं. आता पहिल्या लूपच्या पोटात दुसरा लूप सुरू झाला. दुसरा संपेपर्यंत पहिला पुढे सरकत नाही, त्याची थांबायची मुदत उलटून गेली तरी तपासली जात नाही. आकडा स्थिर झाला, दुसऱ्याने पावती छापली आणि परतला. पहिल्यालाही तोच स्थिर आकडा दिसला, त्यानेही छापली. एक गाडी, दोन पावत्या. शेतकऱ्याच्या हिशोबाचा कागद आहे तो, त्यात असा घोळ मला अजिबात चालत नाही. खिडकी मध्येच बंद केली तर आणखी वाईट: खिडकी जाते, लूप फिरत राहतो, प्रोसेस (मागे चालू राहिलेला प्रोग्राम) पोर्ट धरून बसते, आणि प्रोग्राम पुन्हा उघडला की पोर्ट मिळत नाही. बटण बंद करून ठेवलं तर पहिला प्रकार टळतो, दुसरा टळत नाही.

थ्रेडचं अर्धं खरं असं, की अडवून ठेवणारं वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये ठेवणं योग्यच आहे. पण त्या थ्रेडमधून लेबलला (स्क्रीनवर आकडा दाखवणाऱ्या चौकटीला) हात लावायचा नाही. डॉटनेटमध्ये (मायक्रोसॉफ्टची प्रोग्राम लिहायची चौकट) डीबग करताना, म्हणजे चुका शोधताना, त्यावर सरळ एरर येतो. क्यूटी या खिडक्या बनवायच्या लायब्ररीमध्येही खिडकीची कामं मुख्य थ्रेडनेच करायची असतात. सिरीयल पोर्टचा ‘डेटा रिसीव्ह्ड’ इव्हेंट डॉटनेटमध्ये दुसऱ्याच थ्रेडवर येतो, हे बरेच जण विसरतात. आणि थ्रेड सुरू करून लगेच मुख्य थ्रेडवर जॉइन (तो संपेपर्यंत थांबणं) लावला, तर फिरून तिथेच येऊन पोहोचलात.

मग करायचं काय? बटणाच्या कोडने वाट बघायचीच नाही. ‘वजनाची वाट’ ही अवस्था नोंदवायची आणि परत यायचं. क्यूटीमध्ये रेडीरीड सिग्नल (डेटा आल्याची खूण) आणि क्यूटायमर, पायथनच्या टीकेइंटरमध्ये आफ्टर (ठरल्या वेळाने कोड चालवणं), डॉटनेटच्या सी-शार्प भाषेत अवेट (खिडकी न अडवता वाट बघणं). सी-शार्पमध्ये टास्क-डिले (मुदत संपली की संपणारं टास्क) आणि वाचनाचं टास्क यांपैकी आधी संपेल ते घ्यायचं. अवेटऐवजी मुख्य थ्रेडवर टास्कचा रिझल्ट मागितला (म्हणजे तो मिळेपर्यंत अडून बसलं) तर खिडकी पुन्हा अडते. थेट विन-३२ (विंडोजची मूळ फंक्शन्स) वापरून लिहिणाऱ्यांसाठी एमएसजी-वेट-फॉर-मल्टिपल-ऑब्जेक्ट्स आहे: इव्हेंट, खिडकीचा मेसेज किंवा मुदत, जे आधी येईल त्यावर ते परततं. मात्र मेसेजसाठी परतलं की पीकमेसेज या फंक्शनने रांग पूर्ण रिकामी करायची. आधी नजरेखालून गेलेला मेसेज ते नवा धरत नाही.

मुदत संपल्यावर काय, हेही आधीच ठरवा. ‘गाडी पूर्ण काट्यावर आहे का बघा’ असं स्क्रीनवर दाखवा, बटण पुन्हा चालू करा, अर्धवट नोंद जतन करू नका. आणि ती मुदत तारीख-वेळेच्या घड्याळावर मोजू नका. घड्याळाची आतली बॅटरी उतरलेल्या पीसीची तारीख वीज गेल्यावर मागे जाते आणि ऑपरेटर ती चालू कामातच दुरुस्त करतो. पायथनमध्ये मोनोटॉनिक, डॉटनेटमध्ये स्टॉपवॉच वापरा. तारीख बदलली तरी त्यांची मोजणी बिघडत नाही.