एक लाख पौंडांत थ्रिलर कसा उभा राहतो

कमी बजेटच्या ब्रिटिश थ्रिलरचं कौतुक करताना आपल्याकडे हमखास एक वाक्य येतं: "बघा, पैसे नसतानाही किती भारी केलाय!" मला ते पटत नाही. या चित्रपटांमागे कुठे खर्च करायचा नाही याचा फार कडक हिशेब असतो, आणि तो पटकथा लिहितानाच मांडलेला असतो. या चित्रपटांतला थरार आणि त्यातलं भाड्याचं, उधारीचं, व्यसनाचं जग यांना वेगळं काढता येत नाही, याचं कारणही तो हिशेबच आहे.

आधी आकडे बघू. 'शिफ्टी' (2008) हा एरन क्रीव्हीचा पहिला चित्रपट फिल्म लंडन या संस्थेच्या, कमी बजेटच्या चित्रपटांसाठीच्या मायक्रोवेव्ह योजनेतून झाला. बजेट 1,00,000 पौंड, शूटिंग 18 दिवस. रिझ अहमद आणि डॅनियल मेज प्रमुख भूमिकांत. गोष्ट 24 तासांत संपते. आता साधारण 90 पानांची पटकथा धरा. 18 दिवसांत ती उरकायची तर रोज 5 पानं. एका खोलीत दोघं बोलताहेत असा प्रसंग असेल तर 5 पानं आरामात होतात. मारामारी असेल तर दिवसाला जेमतेम दीड पान होतं, कारण प्रत्येक फटका वेगळ्या कोनातून घ्यावा लागतो आणि दर टेकनंतर खोली पुन्हा पहिल्यासारखी लावावी लागते. दोन-दोन पानांच्या तीन मारामाऱ्या लिहिल्यात तर चार दिवस तिथेच गेले. उरलेली 84 पानं चौदा दिवसांत, म्हणजे रोज सहा. मग संवादांच्या प्रसंगांना दोन टेकच्या वर मिळत नाहीत. अ‍ॅक्शन जास्त लिहिली की पहिला बळी जातो तो अभिनयाचा, आणि प्रेक्षकाला त्या माणसांचं काही वाटेनासं झालं की अ‍ॅक्शनही फुकट जाते. म्हणून जाणती मंडळी मारामारी एक किंवा दोनच ठेवतात, तीही आखूड, आणि बाकीचा चित्रपट ती होणार या धास्तीवर चालवतात.

गोष्ट 24 तासांत बसवणं हासुद्धा आधी बजेटचा निर्णय असतो, शैलीचा नंतर. कपड्यांचा एकच जोड, जखम एकदा दाखवली की तशीच राहते, लोकेशन कमी.

मग येतो उजेड. लंडनमध्ये जूनच्या अखेरीस सूर्य रात्री नऊ-वीसच्या सुमारास मावळतो आणि पहाटे पावणेपाचच्या आधी उगवतो. रात्रीचे प्रसंग उन्हाळ्यात लावले तर पुरता काळोख मिळतो पाच तासांच्या आसपास, त्यातला एक जेवणाच्या सुट्टीत जातो. डिसेंबरमध्ये उलटं: दिवस आठ तासांपेक्षा कमी, चार वाजायच्या आत सूर्य गेलेला. शिवाय दोन शिफ्टमध्ये 11 तासांची विश्रांती द्यावीच लागते. पहाटे पाचला पॅकअप झालं तर पुढचा कॉल, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, दुपारी चारच्या आधी लावता येत नाही. शेड्यूल कोलमडतं ते बहुतेक वेळा इथे, रात्रीवरून दिवसावर येताना. एक अख्खा दिवस हातातून जातो, आणि 18 दिवसांतला एक म्हणजे पाच पानं.

शस्त्रांचं बघा. 1996 च्या स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर 1997 मध्ये ग्रेट ब्रिटनमध्ये खासगी पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी आली. त्यामुळे तिथल्या गल्लीतल्या गुंडाच्या हातात पिस्तूल दिसलं की लेखकाला उत्तर द्यावं लागतं: कुणाकडून आणलं, किती पैसे मोजले, घरात कुठे लपवलं. ही उत्तरं लिहिता लिहिता निम्मी गोष्ट तयार होते. नाहीतर सुरा, हातोडा, कुऱ्हाड. शूटिंगच्या बाजूनेही तेच. रस्त्यावर खोटं पिस्तूल घेऊन चित्रीकरण करायचं तर पोलिसांना आधी कळवावं लागतं आणि शस्त्रांची जबाबदारी घेणारा जाणकार माणूस सेटवर ठेवावा लागतो. कळवलं नाही तर खिडकीतून बघणारा कुणीतरी 999 हा तिथला आणीबाणीचा नंबर फिरवतो आणि सशस्त्र पोलीस येतात.

हे सगळं एकत्र कसं काम करतं ते बघायचं असेल तर शेन मेडोजचा 'डेड मॅन्स शूज' (2004) बघा. बजेट सव्वासात लाख पौंडांच्या आसपास, जागा डर्बीशायरमधलं मॅटलॉक आणि परिसर. सैन्यातून परतलेला रिचर्ड आपल्या मतिमंद धाकट्या भावाचा ज्यांनी छळ केला त्यांना शोधत गावात येतो. पॅडी कॉन्सिडाइन त्यात मुख्य भूमिकेत आहे आणि लेखनातही सामील आहे. मला सगळ्यात मोलाची वाटते ती यातली खलनायक मंडळी. छोट्या गावातले फुटकळ ड्रग्ज विकणारे, कळकट फ्लॅटमध्ये पत्ते नि गप्पा, आणि टोळीची गाडी कुठली, तर सित्रोएन टू-सीव्ही! ती गाडी बघून हसू येतं. पण अशी माणसं आपण ओळखतो, आणि म्हणूनच त्यांच्या मानगुटीवर मरण येऊन बसतं तेव्हा बघवत नाही.

एक प्रसंग नीट बघा. भरदिवसा टोळीचा म्होरक्या सनी रिचर्डशी बोलायला जातो. सनीचं काम गॅरी स्ट्रेच या माजी मुष्टियोद्ध्याने केलंय, म्हणजे ताकद कुणाची ते दिसतंच आहे. रिचर्ड आवाज न चढवता, काय करणार ते तोंडावर सांगतो. हात उगारला जात नाही, आणि माघार सनीच घेतो. खर्च किती? उभे असलेले दोन नट आणि एक गाडी. मेकअप नाही, स्टंट नाही, काचा नाहीत. चित्रपटातला सगळ्यात भीतिदायक प्रसंग तोच आहे. भीतीची बाकी सामग्रीही अशीच: एक सैनिकी गॅस मास्क, आणि झोपलेल्या माणसांचे रंगवलेले चेहरे. शेवटाबद्दल लिहीत नाही, ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी तो तसाच राहू दे.

या पद्धतीची मुळं टीव्हीत आहेत. टीव्हीतूनच पुढे आलेला दिग्दर्शक केन लोच गोष्टीच्या क्रमानेच शूटिंग करायचा आणि पुढे काय होणार ते नटांना बरेचदा सांगायचा नाही. अ‍ॅलन क्लार्कने 1989 मध्ये बीबीसीसाठी केलेल्या 'एलिफंट'मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या हत्या एकामागून एक दिसतात. फक्त 39 मिनिटं, संवाद जवळजवळ नाहीतच. स्टेडीकॅम, म्हणजे अंगावर बांधलेला, चालतानाही न हलणारा कॅमेरा, चालणाऱ्या माणसाच्या मागे जात राहतो, गोळी झाडली जाते, प्रेत पडतं, पुढचा माणूस चालू लागतो. नुसत्या चालण्यातून ताण कसा येतो ते शिकायला याहून चांगली शाळा नाही.

फिलिप बॅरंटिनीचा 'बॉइलिंग पॉइंट' (2021) बघून अनेकांना वाटतं की एका टेकमध्ये केलं की स्वस्त पडतं. तसं नाही. लंडनमधल्या डॅल्स्टनच्या खऱ्या रेस्टॉरंटमध्ये चार रात्रींत आठ टेक घ्यायचं ठरलं होतं. मार्च 2020, कोरोना दारात, चारच घेता आले. पडद्यावर दिसतो तो तिसरा. 80 व्या मिनिटाला कुणी अडखळलं तर अख्खी खेप वाया, आणि संकलनात दुरुस्तीला जागा नाही. तालमीचे पैसे आणि दिवस आधीच बाजूला काढलेले नसतील तर या वाटेला जाऊ नये. पण त्यातली एक गोष्ट जरूर घ्यावी. सुरुवातीलाच स्वच्छता निरीक्षक रेस्टॉरंटचं मानांकन पाचवरून तीनवर आणतो. दारावर लावायचा एक कागद, आणि पुढचा दीड तास त्या किचनमधला प्रत्येक माणूस टेकीला आलेला.

आता छोट्या, पण महागात पडणाऱ्या गोष्टी. अशा चित्रपटाचे कपडे चॅरिटी शॉपमधून, म्हणजे जुन्या दान केलेल्या कपड्यांच्या दुकानातून आणायचा मोह होतो, कारण ते वापरलेले, खरे दिसतात. पण तिथे प्रत्येक कपडा एकच मिळतो. ज्याच्या अंगावर रक्त येणार आहे त्याला एकसारखे निदान तीन शर्ट लागतात: एक कोरडा, एक रक्ताचा, एक रीटेकसाठी. म्हणून सुपरमार्केटमधून तीन साधे शर्ट घ्या, आठ-दहा वेळा धुवा, कॉलर घासून झिजवा. गालिच्यावर खोटं रक्त सांडणार असेल तर तसाच तुकडा वर अंथरा, नाहीतर साफसफाईत पाऊण तास जातो.

आणि आवाज. छोट्या फ्लॅटमध्ये फ्रिजची घरघर प्रत्येक कटला उडी मारते, आणि तणावाच्या शांततेचा चुथडा होतो. फ्रिज बंद करायचा, आणि साउंड रेकॉर्डिस्टने आपल्या गाडीची किल्ली त्यातच ठेवायची, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय घरी जाता येत नाही. प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प उभं करून मिनिटभर रिकामा आवाज रेकॉर्ड करून घ्यायचा.

माझा राग आहे तो नकलांवर. कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या भाड्याच्या घरांच्या उंच इमारती नुसत्या पडद्यासारख्या मागे लावायच्या, चार हुडीवाली पोरं, शिव्या, धीम्या गतीतली गोळी. तिथे राहणाऱ्या माणसाचं भाडं किती थकलंय, लिफ्ट बंद असली तर म्हातारी अकरावा मजला कसा चढते, याचा पत्ताच नाही. पटकथेतून बंदूक काढून बघा. तरीही नायकासमोर सोमवारी सकाळी काही अडचण उरत असेल तर बंदूक परत ठेवा. उरत नसेल तर कॅमेरा भाड्याने घेण्याआधी लिखाणाला आणखी दोन महिने द्या. त्याला भाडं पडत नाही.